मदत हवी आहे: झिंक ऑक्साईडचे क्वांटम डॉट (काही नॅनोमीटरचे कण) हिरवे-पिवळे का चमकतात?

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा, बेळगावात एमएससी फिजिक्स करूलालोय. गाईड सर कन्नडमधून आणि इंग्लिशमधून चांगलं समजावतात, पण हा मुद्दा मला मराठीतून नीट डोक्यात बसवायचाय म्हणून इथं विचारतोय.

झिंक अ‍ॅसिटेट गरम इथेनॉलमध्ये विरघळवलं, थंड करून केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साईड) घातलं, डॉट तयार झाले. यूव्ही-व्हिसमध्ये (कुठला प्रकाश किती शोषला जातो त्या मोजणीत) अ‍ॅब्सॉर्प्शनची कड ३४५ नॅनोमीटरला, म्हणजे ३.६ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक). मोठ्या तुकड्यातल्या झिंक ऑक्साईडचा गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) ३.३७ च्या आसपास असतो, इलेक्ट्रॉन आणि होल (त्याच्यामागं उरलेली रिकामी जागा) एवढ्याशा जागेत कोंडले की गॅप वाढणारच, ते पटतंय. ब्रूसच्या (२०२३ च्या केमिस्ट्री नोबेलमधले) समीकरणातून व्यास चारेक नॅनोमीटर निघतो.

अडलंय ते पुढं. डार्क रूममध्ये यूव्ही टॉर्च मारला की बाटली हिरवट-पिवळी उजळते, सॅम्पल कोल्हापूरला नेऊन पीएल (फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे बाहेर पडणाऱ्या उजेडाचा ग्राफ) काढलं तर पीक ५४० ला, म्हणजे २.३ ईव्ही. मग मधली १.३ ईव्ही जाते कुठं? कॅडमियम सेलेनाईडच्या चांगल्या डॉटमध्ये शोषण आणि उत्सर्जन अगदी शेजारी-शेजारी असतं की. डिफेक्ट (स्फटिकाच्या रचनेतली खोट) म्हणावं तर त्याची लेव्हल ठरलेली, मग तीच बाटली ठेवून दिली की रंग हिरव्याकडून पिवळ्याकडं का सरकतो?

उत्तर: निपाणीहून लिहितोय, झिंक ऑक्साईडवरच काम केलंय. इलेक्ट्रॉन-होल थेट भेटले तर यूव्ही उजेड येतो. पण चार नॅनोमीटरच्या कणात पृष्ठभागावरचे अणूच खूप, होल तिथं चटकन अडकतो आणि खोल डिफेक्टमध्ये जाऊन बसतो, तुमची बरीचशी ऊर्जा या वाटेवर जाळीच्या कंपनात, म्हणजे उष्णतेत जाते. रंग सरकतो कारण उडीचं एकच टोक डिफेक्टवर आहे, दुसरं कंडक्शन बँडच्या (मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्याच्या) कडेला, आणि बाटलीत डॉट वाढतात तशी ती कड खाली येते. नेमका डिफेक्ट कुठला यावर अजून वाद आहेत, रिपोर्टमध्ये एकाचंच नाव ठोकून देऊ नका. एक्साइटेशन ३२० ला ठेवून ३५० ते ३८० मध्ये बारका पीक दिसतो का बघा. पीव्हीपीनं (एक पॉलिमर) पृष्ठभाग झाकला की हिरवा उतरून यूव्ही वाढतो, तो ग्राफ जोडलात तर सरांना लगेच पटेल.

खूप आभार दादा, बँडची कड सरकते हे लक्षातच आलं नव्हतं. पीव्हीपी आहे आमच्या लॅबमध्ये, केओएचच्या आधी घालायचं की डॉट झाल्यावर?