मदत हवी आहे: दोघांचीच प्रायव्हेट लिमिटेड, आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत) काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी. खानापूरला आमचं काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. मी आणि चंदगडचा आतेभाऊ, आजवर भागीदारीत चालवलं. आता प्रायव्हेट लिमिटेड करायचं ठरलंय. दोघे संचालक, शेअर निम्मे-निम्मे. नाव मंजूर झालंय, पण मुदतवाढ घेतली नाही तर ते 20 दिवसच राखून ठेवतात, म्हणून घाई.

एजंटने मसुदा पाठवलाय. मेमोरँडम म्हणजे कंपनीचा मूळ दस्तऐवज, त्यातल्या उद्देशात काजूच्या जोडीला बांधकाम, खाणकामही होतं, ते काढायला लावलं. खरी अडचण आर्टिकल्सची. कायद्यातला नमुना, टेबल एफ, जसाच्या तसा उचललाय. त्यानुसार संचालकांच्या बैठकीत मतं समसमान पडली की अध्यक्षाला जादा मत. मग अध्यक्ष कोण? यावरच गाडी अडलीय. धंद्यापायी आत्याच्या घराशी वाकडं येऊ नये, एवढीच माझी धडपड आहे. ते कलम काढलं तर कंपनीच ठप्प होईल का? आणि उद्या आमच्यातला एक गेला, तर त्याच्या शेअरचं काय?

शिवाय कार्यालयाचा पत्ता. आतेभाऊ म्हणतो, चंदगडचा देऊ, खानापूरचे कागद कन्नडमध्ये असतात.

प्रतिसाद:
पत्त्याचं आधी. मेमोरँडममध्ये फक्त राज्य लिहितात. खानापूरहून बेळगावला गेलात तर त्याला हात लावावा लागत नाही. महाराष्ट्रात न्यायचं झालं तर विशेष ठराव आणि केंद्र सरकारची मंजुरी लागते. कंपनीचे फॉर्म दोन्हीकडे सारखेच. युनिट जिथे, तिथलाच पत्ता द्या.

जादा मताचं कलम खुशाल काढा, पण जागा रिकामी सोडू नका. कर्ज, नवे शेअर, युनिटची विक्री याला दोघांची संमती हवी, असं लिहा. बाकी बाबतीत अडलं तर दोघांना मान्य असलेला तिसरा संचालक. प्रायव्हेट कंपनीत शेअर हस्तांतरणावर निर्बंध असावेच लागतात, तिथेच लिहा: वारसांनी आधी दुसऱ्या भागीदाराला विचारायचं, किंमत कुणी आणि कशी काढायची. ही कलमं सहज बदलता येऊ नयेत अशी तरतूद कंपनी कायदा 2013 च्या कलम 5 मध्ये आहे, ती वापरा.

धागाकर्ता:
खूप आभार. रविवारी चंदगडला जाऊन आत्यासमोरच वाचून दाखवतो. तिसरा संचालक म्हणून माझी बायको चालेल, की त्याला पुन्हा माझंच मत समजतील?

प्रतिसाद:
कायद्याने चालेल. पण आतेभावाच्या जागी बसून बघा. बाहेरचा माणूस घ्या.