अनुभव धागा : गणिती प्रश्न सोडवण्याचा अभ्यासक्रम

विद्यापीठातील गणिताच्या बहुतेक विषयांत आधी प्रमेय शिकवले जाते आणि मग त्यावरची उदाहरणे येतात. ज्या अभ्यासक्रमात असे काहीच आधी सांगितले जात नाही, केवळ अवघड प्रश्न हाती दिले जातात आणि प्रत्येकाची संपूर्ण सिद्धता लिहून मागितली जाते, तो ज्यांनी घेतला असेल त्यांनी आपले अनुभव लिहावेत. गुणांपेक्षा, अडल्यावर काय केले ते सविस्तर सांगावे. सुरुवात मी करते.

पहिल्याच आठवड्यातला प्रश्न असा होता : 1 ते 100 मधील कोणत्याही 51 संख्या निवडल्या, तर त्यांपैकी एक संख्या दुसरीला निःशेष भागते, हे सिद्ध करा. मी चार दिवस नुसत्या याद्या करत होते. 51 ते 100 या पन्नास संख्या घेतल्या तर कोणतीच दुसरीला भागत नाही, पण त्यांत आणखी एक मिसळली की लगेच भागणारी जोडी सापडते, एवढे दिसले; ते सर्व निवडींना का लागू पडावे, हे मात्र कळेना. चौथ्या दिवशी 3, 6, 12, 24, 48 अशी एक ओळ सहज लिहिली गेली आणि लक्षात आले की प्रत्येक संख्या म्हणजे एक विषम संख्या गुणिले दोनचा एखादा घात. 100 पर्यंत विषम संख्या 50 च आहेत, म्हणून 51 संख्यांपैकी दोघींचा विषम भाग एकच असणार आणि लहान संख्या मोठीला भागणार. सिद्धता तीन ओळींची झाली, पण त्या याद्या केल्या नसत्या तर ती ओळ माझ्या हातून लिहिली गेली नसती, असे मला आजही वाटते.

०

मला याच अभ्यासक्रमाने उदाहरणांवर विसंबणे सोडायला लावले. वर्तुळावर बिंदू घेऊन ते सर्व एकमेकांना जोडायचे, तीन जीवा एका बिंदूत छेदू द्यायच्या नाहीत, आणि आत किती भाग पडतात ते सांगायचे. एक ते पाच बिंदूंसाठी 1, 2, 4, 8, 16 असे भाग आले, म्हणून मी दुपटीचे सूत्र लिहून दिले. वही परत आली तेव्हा तिच्यावर ‘सहावा बिंदू घेऊन पाहा’ एवढेच लिहिले होते. मी तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा 31 आले. पुढे समजले की प्रत्येक जीवा एक भाग वाढवते आणि आतला प्रत्येक छेदनबिंदूही एक भाग वाढवतो. सहा बिंदूंना 15 जीवा आणि 15 छेदनबिंदू, त्यांत मूळचा एक भाग मिळवला की 31.

०

लेखनाबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. बुद्धिबळाच्या पटाचे एकाच कर्णावरचे समोरासमोरचे दोन कोपरे काढले तर उरलेली 62 घरे दोन-दोन घरांच्या फरश्यांनी झाकता येत नाहीत, हे मला आधीपासून माहीत होते. मी ‘एका रंगाची 30 आणि दुसऱ्याची 32 घरे उरतात, म्हणून अशक्य’ असे लिहिले आणि दहापैकी दोन गुण मिळाले. प्रत्येक फरशी दोन्ही रंगांचे एकेक घर झाकते, हे वाक्यच मी गाळले होते. आठवडाभर मला तो अन्याय वाटला. आता इतरांच्या वह्या तपासताना मीही तेच वाक्य शोधतो.

०

मी हा अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडला. वेळ लावून घेतलेल्या चाचण्यांत मला काहीच सुचत नसे, आणि संथपणे विचार करणाऱ्यांवर ही पद्धत अन्याय करते, हे माझे मत कायम आहे. एक प्रश्न मात्र मनातून गेला नाही : फळ्यावर 1 ते 10 लिहून दर वेळी कोणत्याही दोन संख्या पुसायच्या आणि त्यांचा फरक लिहायचा, शेवटी शून्य उरेल का? सत्र संपल्यानंतर काही महिन्यांनी, दोन संख्यांची बेरीज आणि फरक दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतात, हे एकदम उमगले. सुरुवातीची बेरीज 55 विषम आहे आणि फळ्यावरची बेरीज दर वेळी विषमच राहते, म्हणून शून्य कधीच उरणार नाही. सिद्धता शिक्षकांना पाठवली, तेव्हा त्यांनी 1 ते 12 घेऊन पाहायला सांगितले. बेरीज 78 सम आली, पण तेवढ्याने शून्य मिळतेच असे ठरत नाही, हे या वेळी मला कोणी सांगावे लागले नाही. शेजारच्या संख्यांच्या जोड्या पुसून सहा एक उरवले आणि त्यांचेही जोडीजोडीने फरक घेत शून्यापर्यंत पोहोचले.