फलक उतरवल्यानंतरचे काम : पुण्यातील सेवा क्लबांच्या कार्यकर्त्यांचे अनुभव

सप्रेम नमस्कार. पुण्यात रोटरी आणि लायन्ससारख्या जुन्या क्लबांपासून पेठेतल्या गणेश मंडळांपर्यंत आणि सोसायटीतील दहा-बारा जणांच्या गटांपर्यंत असंख्य माणसे नेमाने सेवाकार्य करत असतात. त्यांच्या बातम्या मात्र बहुधा उद्घाटन, सत्कार आणि आकडे एवढ्यावरच थांबतात. म्हणून या वेळी कार्यकर्त्यांना विनंती अशी होती की आपण कार्यक्रमाच्या दिवसाबद्दल न लिहिता त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहावे : आधी ठरवलेले काय चुकले, ते कोणी लक्षात आणून दिले आणि मग आपण काय बदलले. त्यांनी लिहिलेले काही अनुभव त्या त्या भागाच्या नावाखाली पुढे दिले आहेत.

पर्वती पायथा

भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली आणि पुढे काही वर्षांनी आमच्या क्लबाकडे जनता वसाहतीतील एका बूथवर मदतीचे काम आले. रविवारचा बूथ हा त्यातला सोपा भाग होता. बर्फाच्या डब्यातून कुपी काढायची, तिच्या लेबलावरच्या गोलातला चौकोन गोलापेक्षा फिका आहे ना हे पाहायचे (लशीला उष्णता लागली की तो चौकोन गडद होतो आणि कुपी बाद करावी लागते), परिचारिकेने दोन थेंब पाजले की बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखाला शाई लावायची.

खरे काम सोमवारपासून सुरू होई. घरोघर जाऊन करंगळ्या तपासायच्या, सगळी मुले झाली असतील त्या दारावर खडूने ‘पी’ लिहायचे, एखादे राहिले असेल तेथे फुली मारायची आणि फुलीच्या घरी पुन्हा जायचे. एका दारावर तीन दिवस कुलूप होते आणि आमच्या वहीत त्या घरापुढे ‘नकार’ अशी नोंद झाली होती. शेजारच्या आजींनी सांगितले की त्या घरची बाई पहाटेच धुण्याभांड्याच्या कामाला जाते आणि लेकराला बरोबर नेते. चौथ्या दिवशी सकाळी सहा वाजता आरोग्यसेविकेबरोबर आम्ही दोघे गेलो, तेव्हा ती म्हणाली, “दादा, मी नाही कधी म्हटलं? तुम्ही येता तेव्हा मी कामावर असते.” त्या दिवसापासून आम्ही कुलूप आणि नकार यांचे रकाने वेगळे केले आणि कुलपाच्या घरांसाठी पहाटेची फेरी ठेवली.

पोलिओच्या नैसर्गिक विषाणूची बाधा झालेला भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. रोटरीने १९८५ पासून जगभर या कामासाठी पैसा आणि माणसे उभी केली, याचा मला सदस्य म्हणून अभिमान आहे. मात्र ती बातमी वाचताना मला पहिल्यांदा आठवले ते वहीतले ‘नकार’ खोडून ‘कुलूप’ लिहिलेले पान.

कोथरूड

आमचे रक्तदान शिबिर अनेक वर्षे २६ जानेवारीला होत असे. एकदा रक्तपेढीतील डॉक्टर बाईंनी समजावून सांगितले की त्या दिवशी शहरात ठिकठिकाणी शिबिरे असतात, तांबड्या पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात आणि प्लेटलेट जेमतेम पाच दिवस, त्यामुळे एकाच दिवशी जमलेले सगळे रक्त पुढच्या टंचाईला उपयोगी पडत नाही. महाविद्यालयांना सुट्ट्या लागतात आणि लोक गावी जातात, त्या मे महिन्यात खरी ओढाताण असते. आम्ही शिबिर मेमध्ये नेले. संख्या निम्म्यावर आली, काही सदस्य नाराज झाले, तरी तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचली. रक्तदात्याचे हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. आमच्याकडे उत्साहाने आलेल्या कितीतरी स्त्रियांना बोटाला सुई टोचून “तुमचे चालणार नाही” एवढे सांगून परत पाठवले जाई आणि त्या ओशाळून निघून जात. आता त्यांच्यासाठी वेगळे टेबल असते. तेथे आकडा लिहिलेला कागद हातात देतो, डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह करतो आणि तीन महिन्यांनी फोन करतो. पोळ्यांची कामे करणाऱ्या एक ताई गेल्या मे महिन्यात आल्या, तेव्हा त्यांनी पर्समधून आदल्या वर्षीचा चौपदरी घडीचा कागद काढला. त्यावर ९.८ असे लिहिलेले होते. त्या दिवशी १२.७ भरले आणि त्यांनी रक्त दिले.

नाना पेठ

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी आमच्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते आणि ज्ञानोबा माऊलींची भवानी पेठेत पालखी विठोबापाशी. पूर्वी आम्ही केळी आणि बिस्किटे वाटत असू, आणि संध्याकाळी सालांचा आणि वेष्टनांचा खच आम्हीच गोळा करत असू. एका वर्षी परभणीकडच्या एका वारकरी बाबांना केळे देऊ केले, तर ते म्हणाले, “माऊली, खायला लई जण देतात. हा चपलेचा अंगठा तुटलाय, तेवढा शिवून मिळंल का?”

तेव्हापासून आम्ही मुक्कामाच्या काळात चांभारकाम करणारे दोन कारागीर बसवतो. वारकऱ्यांकडून पैसे घेत नाही, पण कारागिरांना त्यांची पूर्ण मजुरी देतो, कारण सेवा आपण करायची आणि रोजगार त्यांचा बुडवायचा हे आम्हाला पटत नाही. शेजारी तेलाने पाय चोळून देणे, नखे कापणे आणि मोबाईल चार्ज करून देणे चालते. पुढच्या टप्प्यात माऊलींबरोबरच्या दिंड्यांना दिवे घाट चढायचा असतो, म्हणून त्या रात्री उशिरापर्यंत टाके घालणे सुरू असते.

तळजाई परिसर

जुलैत टेकडीवर रोपे लावायला शंभरावर माणसे येतात, एप्रिलमध्ये पाच लिटरचे कॅन घेऊन चढायला आम्ही सहा जण असतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही नवे खड्डे घेणे थांबवले आणि लावलेलीच झाडे जगवायचे ठरवले. बातमीला त्यात काही नाही, पण वड आणि कडुनिंब आता डोक्यावर गेले आहेत.

सदाशिव पेठ

मी नेत्रदानाची संकल्पपत्रे भरून घेत असे. पुढे कळले की पत्र भरलेले असले तरी मृत्यूनंतर नातेवाइकांची संमती लागते आणि नेत्र सहा तासांच्या आत काढावे लागतात. पत्र कपाटात आणि घरच्यांना पत्ताच नाही, असे दोनदा घडले. आता पत्र भरायला येणाऱ्याने घरातले एक माणूस बरोबर आणावे असा आमचा आग्रह असतो, आणि नेत्रपेढीचा क्रमांक फ्रिजच्या दारावर आम्ही स्वतः चिकटवून येतो.

गेल्या हिवाळ्यात रात्री साडेअकराला आमच्या एका सदस्याच्या पत्नीचा फोन आला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती, तर चालेल का, एवढेच त्यांनी विचारले. चालते, असे मी सांगितले. मी पोहोचण्याआधीच काकूंनी डोळ्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले होते, डोक्याखाली उशी दिली होती आणि डोळे कोरडे पडू नयेत म्हणून पंखा बंद केला होता. नेत्रपेढीच्या डॉक्टरांचे काम पंचवीस मिनिटांत झाले आणि चेहरा पूर्वीसारखाच शांत दिसत होता. डॉक्टर पेटी घेऊन जिना उतरले, तेव्हा काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता पंखा लावू ना? यांना उकाडा सहन होत नाही.”