कन्नड घाटात गाडी झटके मारते. कॉइल नवी टाकली तरी कोड पी ०३०२ तोच

पाचोरेकर:
२००९ ची पेट्रोल गाडी, १ लाख ३८ हजार किलोमीटर. सासुरवाडी संभाजीनगरला, म्हणजे महिन्यातून दोनदा कन्नड घाट ठरलेला. चाळीसगावपर्यंत सपाटीला सुरळीत. घाटात एसी, मागे तिघं, तिसरा गिअर, की झटके सुरू आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो. आमच्या हिचं म्हणणं, गाडीला माझं माहेर आवडत नाही.

मेकॅनिकने स्कॅनर लावला. पी ०३०२, म्हणजे दोन नंबरची कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देते ती) गेली म्हणाला. बदलली, २,२०० रुपये. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच कोड. आता पेट्रोल फवारणारा इंजेक्टर म्हणतोय. एकेक करत अख्खी गाडीच बदलायची का?

तापीकाठ:
दिवा लुकलुकला की आधी पाय उचला. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो गेला तर कॉइलचे पैसे चिल्लर वाटतील. आणि त्या कोडचा अर्थ एवढाच, की दोन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही. का पेटत नाही, ते माणसाने शोधायचं. प्लग काढून पाहिला का कोणी?

घाटरोड, धुळे:
काय भाऊ, घाई कसाले! पार्ट विकत घेण्याआधी अदलाबदल करायची. दोनचा प्लग तीनमध्ये, तीनचा दोनमध्ये, कोड पुसायचा आणि चढ चढायचा. कोड ०३०३ झाला तर प्लगच चोर. कॉइलचंही तसंच करायला हवं होतं, २,२०० वाचले असते.
सपाटीला चालते आणि चढाला मरते, म्हणजे माझा संशय ठिणगीवर. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, त्या दाबात ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगच्या टोकांमधला गॅप वाढलेला असेल तर तिथेच दम तुटतो. इंजेक्टर नंतर, कॉम्प्रेशन त्याच्याही नंतर. वायरी मात्र आधी बघा. मी कापसाच्या खोलीशेजारी गाडी लावायचो, उंदरांनी इंजेक्टरची वायर कुरतडली होती. कोड असाच.

पाचोरेकर:
वायरी शाबूत. काल अंगणात कॉइल उपसली, तर दोन नंबरचा प्लग बसतो त्या खळग्यात तेल! नव्या कॉइलचं रबर आताच फुगलंय. प्लगच्या गॅपमधून १.३ मिलिमीटरची मापाची पात आरामात जाते, मॅन्युअलमध्ये १.१ लिहिलंय. प्लग कधी बदलले होते ते बिलांची पिशवी उपसूनही सापडलं नाही.

तापीकाठ:
सापडला चोर. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाचं गॅस्केट आणि प्लगच्या नळ्यांचे सील बदला. आपल्याकडे ४५ डिग्रीत तापून जुनं रबर लाकडासारखं होतं. प्लग चारही नवे टाका, आणि काढण्याआधी खळगा पुसून घ्या, नाहीतर सगळं तेल खाली सिलिंडरमध्ये. जुनी कॉइल जपून ठेवलीय ना?

पाचोरेकर:
गॅस्केट, सील, चार प्लग, मजुरीसकट १,९५०. शनिवारी घाट चढलो, एसी लावून, मागे तिघं. दिवा नाही, झटका नाही. जुनी कॉइल मागायला गॅरेजवर गेलो, तर मेकॅनिकने ती दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत लावलीय. चांगली चालतेय म्हणे.