प्लॉटवरच्या बेडकांची नोंद कशी करायची?

पाषाणकरीण: सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर पावसाचं पाणी साचतं आणि रात्रभर बेडूक ओरडतात. लवकरच तिथे खोदकाम सुरू होणार म्हणे. त्याआधी नोंद तरी व्हावी. मला बेडकांतलं ओ की ठो कळत नाही. चालेल का? सासूबाई म्हणतात, आधी साप बघ!

टेकडीवाला: चालेल की. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर फोटो टाका, आवाजही टाकता येतो. नाव ठाऊक नसेल तर नुसतं ‘बेडूक’ लिहा, जाणकार ओळखतात. तारीख, वेळ, ठिकाण मात्र अचूक हवं. एक फोटो पाठीचा, एक बाजूचा. डोळ्यामागचा कानाचा पडदा आणि पायाची बोटं दिसली तर उत्तम. पिवळाधम्मक, गळ्याशी दोन निळे फुगे असलेला मोठा बेडूक दिसला तर तो इंडियन बुलफ्रॉगचा नर. हा थाट विणीपुरताच! पकडू मात्र नका. बेडकाची कातडी पाणी शोषते, आपल्या हाताला डासांचं मलम असतं. दुसऱ्या डबक्यावरून येत असाल तर बूट धुऊन, वाळवून घ्या. कायट्रिड ही बेडकांना मारणारी बुरशी चिखलातूनही पसरते. बाकी, भरदिवसा जाऊन ‘इथे काहीच नाही’ म्हणणारे हौशी लोक मला झेपत नाहीत.

औंधचा_आजोबा: सासूबाईंचं ऐका. बेडूक तिथे साप. टॉर्च, गमबूट, सोबत कुणीतरी. घोणस गवतात दिसतसुद्धा नाही.

पाषाणकरीण: सोबत सासूबाईच येतायत. टॉर्च त्यांच्याकडे.