मुलाच्या कानात रक्त साठलंय, सुईने काढलं तरी पुन्हा भरलं. मदत हवी आहे

डिचोलीकर आई

नमस्कार मंडळी. मुलगा 17 वर्षांचा, ज्युदोसाठी म्हापशाला जातो. गेल्या गुरुवारी सरावात समोरच्याचं डोकं त्याच्या उजव्या कानावर जोरात घासलं. रात्री जेवताना कान लाल दिसला, तेवढंच. शुक्रवारी सकाळी बघते तर कानाचा वरचा भाग टम्म फुगलेला. कानाच्या पाळीला त्या वळ्या असतात ना, त्या गायबच. बोट लावलं तर पिकल्या जांभळासारखं मऊ लागतं.

शनिवारी जवळच्या दवाखान्यात सुईने रक्त काढलं. काळपट लाल होतं, सिरिंजमध्ये 3 मिलीच्या खुणेपर्यंत आलं. वर कापूस ठेवून चिकटपट्टी मारून दिली. रविवारी दुपारपर्यंत कान पुन्हा तेवढाच! काल परत गेले तर म्हणे बर्फ लावा, जिरेल हळूहळू.

घरात दोन पक्ष आहेत. सासूबाई मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक द्यायला टपून बसल्यात. कोल्हापूरचे भावोजी फोनवर हसत होते, "कान मोडला म्हणजे पैलवान झाला की! काही करू नका." चिरंजीवांना तेच पटलंय, आरशात बघून खूश आहे.

खरंच आपोआप जिरतं का? पुन्हा का भरलं? आज मंगळवार, पाचवा दिवस. उशीर तर झाला नाही ना?

लाल माती

ताई, भावोजींचं ऐकू नका, मी ऐकलं होतं. माझे दोन्ही कान मोडलेले आहेत. आखाड्यात मान मिळतो हे खरं, पण डाव्या कानात इयरफोन बसत नाही, मळ साफ करताना वैताग येतो आणि थंडीत त्या कुशीवर झोपलो की ठणकतं. आता ते दगडासारखं आहे, सुई जातच नाही.

कानकोंडा

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. न बघता निदान करत नाही, पण वर्णन बोलकं आहे.

कानाच्या आत कूर्चा (कार्टिलेज, हाडापेक्षा मऊ आणि लवचिक) असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरून एक पातळ आवरण घट्ट चिकटलेलं असतं, त्यातून तिचं पोषण होतं. घासलं-पिळलं गेलं की ते आवरण सुटतं आणि मधल्या पोकळीत रक्त साठतं. खाली कूर्चा उपाशी राहते, वर आवरण नवी वेडीवाकडी कूर्चा तयार करायला लागतं. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कान होतो तो असा. (कानाची खालची मऊ पाळी, जिथे आपण डूल घालतो, तिथे कूर्चा नसते. म्हणून पैलवानांचीही ती शाबूत असते.)

पुन्हा भरलं कारण रक्त काढलं तरी पोकळी तशीच राहिली. नुसत्या चिकटपट्टीने ती मिटत नाही. आवरण कूर्चेला चिकटेपर्यंत दोन्ही बाजूंनी दाब हवा. त्यासाठी भूल देऊन छोटा छेद घेतात, गुठळ्या धुऊन काढतात आणि कानाच्या पुढे-मागे कापसाचे रोल ठेवून आरपार टाके घालतात. साधारण आठवडाभर ते तसेच ठेवतात. दातांचे डॉक्टर गालात कोंबतात ना, तेच रोल.

पाचवा दिवस म्हणजे उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. सात-दहा दिवसांनंतर आतलं घट्ट व्हायला लागतं. मग उरते ती प्लास्टिक सर्जरी, आणि तीही कान पहिल्यासारखा करेलच असं नाही. उद्याच बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या ईएनटी ओपीडीत जा. बर्फ पहिल्या काही तासांत सूज कमी करायला ठीक, साठलेलं रक्त त्याने जात नाही. शेक नको, चोळायचं तर मुळीच नाही, आणि घरी सुई टोचायचा विचारही नको. कूर्चेत जंतू शिरले तर ती विरघळते. कान तापला, ठणका वाढला, ताप आला तर उद्याची वाट बघू नका. ऐकू कमी येतंय का, चक्कर येते का, तेही त्याला विचारा.

डिचोलीकर आई

जाऊन आलो! बुधवारी सकाळी केसपेपर काढला, दुपारी टाके पडले. डॉक्टरांनी आतून निघालेली गुठळी दाखवली, आवळ्याच्या बीएवढी होती. अँटिबायोटिक दिलंय, पुढच्या बुधवारी रोल काढणार. ज्युदो त्यानंतरही काही दिवस बंद, आणि सरावाला परत जाताना कान झाकणारं हेडगिअर घालायचं.

सासूबाईंनी पुरचुंडी सोडून त्याच मिठाची पेज केली. चिरंजीव मात्र फुगलेत. कानावर हेल्मेट बसत नाही म्हणून स्कूटर बंद, क्लासला कदंबच्या बसने जावं लागतंय, आणि बसमध्ये सगळे विचारतात कानात काय घातलंय.

भावोजींना फोटो पाठवलाय. अजून उत्तर नाही.