बरणीतला सरडा: खरंच ट्रोपिड्युरस की आपलाच?

प्रश्न: रत्नागिरीजवळच्या कॉलेजात फॉर्मॅलिनच्या बरणीवर ‘ट्रोपिड्युरस, ब्राझील’ (म्हणजे दक्षिण अमेरिकेतला सरडा) एवढंच लिहिलंय. खात्री कशी करायची?

उत्तर १: दात बघा, भिंगाखाली. आपल्या बागेतल्या सरड्याचे बाजूचे दात जबड्याच्या हाडाच्या कडेवरच जोडलेले. ट्रोपिड्युरसचे आतल्या बाजूला टेकलेले. जबडा हळू उघडा, फॉर्मॅलिनने ताठरतो आणि जोर केला की मोडतो. ट्रोपिड्युरस असेल तर डोक्यावर मधोमध मोठा खवला हवा.

उत्तर २: रंगावर जाऊ नका, बरणीत उडतो. मांड्यांखाली काळे डाग टिकले असतील तर ट्रोपिड्युरसचा नर. मांडीवरची रंध्रं शोधण्यात वेळ घालवू नका, दोन्ही सरड्यांना नसतात! ट्रोपिड्युरसची नेमकी जात ठरवायला मानेच्या बाजूचे, माइट (बारीक परजीवी) राहतात ते खळगे मोजा.

प्रश्नकर्ता: खवला मोठाच आहे. दात उद्या बघतो.